क्षमेच्या दिवशी गोरिला

गोरिलापासून सात मीटर लांब उभं राहायचं. शिंक आली तर तोंड फिरवून कोपरात शिंकायचं. तो अंगावर धावून आला तरी पळायचं नाही, खाली बसायचं.

*

लसूण न घातलेलं भडंग, स्टीलच्या डब्यात. डब्याला जुन्या साडीच्या काठाची गाठ.

*

आमच्या गाडीची मागची दारं आतून उघडत नव्हती. गाडी कारखान्याची होती. आधीच्या मॅनेजरला दोन लहान मुलं होती, म्हणून त्यानं लॉक लावलं होतं. आम्हाला मूल नव्हतं. लॉक तसंच राहिलं.

*

"क्रशिंग संपलं की जाऊ," श्रीपाल म्हणायचा. सांगली-कोल्हापूरकडं दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात आणि उन्हाळा लागला की बंद होतात. युगांडात ऊस बारा महिने गाळतात.

*

विषुववृत्तावर रस्त्याला आडवी पांढरी रेघ मारली आहे. महावीर भाऊजी रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले.

"काढ फोटो, श्रीपाल्या. अर्धा महावीर उत्तरेत, अर्धा दक्षिणेत."

"आणि डोकं?" राजमती वहिनींनी विचारलं.

"मधोमध की."

"व्हय. मला वाटलं जयसिंगपुरातच ऱ्हायलं."

श्रीपाल इतका हसला, की फोटो हलला.

*

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली. श्रीपाल चौगुले, माझा नवरा, युगांडातल्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होता. महावीर मगदूम त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. तो आणि त्याची बायको राजमती दहा दिवस आमच्याकडं आले होते. दशलक्षण पर्वाचे उरलेले उपास त्यांनी आमच्याकडंच पुरे केले.

गोरिला बघायला जायची कल्पना माझी होती. मला गोरिलांचं काही कौतुक नव्हतं. पण कारखान्याच्या क्लबात एका बाईकडून मी ऐकलं होतं, की जंगलाच्या चौकीवर प्रत्येकाला स्वतःचा मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. झेरॉक्स चालत नाही.

माझा पासपोर्ट कारखान्याच्या ऑफिसात, तिजोरीत होता. किल्ली श्रीपालकडं. आधी घरातल्या कपाटात असायचा; दोन वर्षांपूर्वी एक दिवस तो कपाटातून गेला. "इथं चोऱ्या फार," श्रीपाल म्हणाला. त्यानं कधी आवाज चढवला नाही, हात तर कधीच उगारला नाही. माझे वडील गेले तेव्हा रात्रभर माझ्याजवळ बसून राहिला, आणि सकाळी म्हणाला, "आता जाऊन काय उपयोग? तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. क्रशिंग संपलं की शांतपणे जाऊ." चार वर्षांत मी एकदाही घरी गेले नव्हते.

मगदूमांबरोबर माझ्या माहेराहून भडंगाचा डबा आला होता. त्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्या भावानं एक कागद ठेवला होता. विमानाचं तिकीट. माझ्या नावाचं, फक्त जाण्याचं. मगदूम ज्या विमानानं परतणार होते त्याच विमानाचं. सोमवार, दुपारी अडीच.

तिकीट मिळालं होतं. आता पासपोर्ट हवा होता. तो शुक्रवारी तिजोरीतून निघाला आणि श्रीपालच्या कमरेच्या पट्ट्यात गेला. पट्ट्याला चेनचा खिसा होता, आत त्याचा आणि माझा असे दोन. मगदूमांचे त्यांच्या त्यांच्याकडं.

मी एवढंच ठरवलं होतं: चौकीवर माझा पासपोर्ट माझ्या हातात येईल. तो परत द्यायचा नाही. मित्रासमोर श्रीपाल हिसकावून घेणार नाही. बस्स.

*

गाडीतल्या जागा. पुढं उजवीकडं श्रीपाल, पट्ट्यासकट. त्याच्या शेजारी महावीर भाऊजी, मांडीवर नकाशा. मागं मी. माझ्या शेजारी राजमती वहिनी, मांडीवर डबा.

वहिनी डब्यातून सगळ्यांना भडंग वाटत होत्या. तळाचा कागद मी आदल्या दिवशीच काढून ब्लाउजात घातला होता, तरी त्यांचा हात डब्यात खोल गेला की मी पदर ओढून घ्यायची.

"लसणाशिवाय भडंग म्हणजे," भाऊजी म्हणाले, "नवऱ्याशिवाय वरात."

"तेवढं तरी मिळतंय. गोरिला काय वाढणार आहे तुम्हाला?"

"वहिनी, गोरिला शुद्ध शाकाहारी असतो," श्रीपाल आरशातून बोलला. "आपल्यातलाच."

"अंधार पडल्यावर खातो का?"

"नाही. सूर्य बुडायच्या आत जेवून झोपतो."

"मग जैनच की!"

सगळे हसले. मीपण हसले. कबाले गावाच्या पुढं डोंगर सुरू झाले, अगदी माथ्यापर्यंत वाफे काढलेले, वाफ्यांत बायका वाकलेल्या. वळण आलं की मी दाराच्या कडीवर हात ठेवायची. कडी हलायची, दार नाही.

"उद्या क्षमावाणी," भाऊजी एकदम म्हणाले. "तिकडं देवळात सगळे जमले असतील. आपण गोरिलाची क्षमा मागू."

आमच्यात पर्व संपल्यावर एक दिवस असतो. लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि म्हणतात, उत्तम क्षमा. वर्षभरात कळत-नकळत जे चुकलं असेल त्याची. समोरच्यानंही तेच म्हणायचं. नाही म्हणायची रीत नाही.

"पुढं होणाऱ्या चुकीची क्षमा आदल्या दिवशी मागता येते का?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"तसं असतं," भाऊजी म्हणाले, "तर चोरांनी देवळाबाहेर रांग लावली असती."

वहिनी हसल्या नाहीत. डब्याची गाठ बांधत राहिल्या.

*

सकाळ. जंगलाच्या कडेला चौकी, पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं. धुकं इतकं, की जंगल आहे असं नुसतं सांगितलेलं.

गाडीतून उतरताना श्रीपालनं माझं दार बाहेरून उघडलं आणि तिथंच हात जोडले.

"त्रिशला, वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा."

खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे ओले होते. जोडलेल्या हातांच्या खाली, पोटावर, पट्टा.

भाऊजी आणि वहिनी बघत होते.

"उत्तम क्षमा," मी म्हटलं.

*

मुंग्या चावतात म्हणून पँट मोज्यांत खोचायची होती. वहिनींना पँटची सवय नव्हती. भाऊजींचीच घालून आल्या होत्या, नाडीनं आवळलेली. आम्ही दोघी बाकावर वाकून खोचत होतो. पुरुष पलीकडं काठ्या निवडत होते.

"त्रिशला."

"हं."

"दोन वर्षांमागं तुझा फोन आलेला. मला इथं ऱ्हायचं नाही, काहीतरी करून घरी येते म्हणालीस. कुणाला सांगू नका म्हणालीस."

मी मोजा सोडला नाही.

"मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी श्रीपालला." त्यांनी बाकावर बसल्या बसल्या हात जोडले. हाताला चिखल होता. "संसार टिकावा म्हणून सांगितलं गं. उत्तम क्षमा."

म्हणजे कपाटातून तिजोरीत. ते तेव्हा.

मी दुसरा मोजा ओढला. त्यांचे हात जोडलेलेच.

"आणि डब्याच्या तळाला कागद होता," त्या म्हणाल्या. "तोपण मी बघितला."

"चला, चला!" श्रीपालनं हाक मारली. "बायकांचं खोचणं संपलं का?"

मी उठले. त्या दिवशी क्षमा मागणाऱ्याला उत्तर न देता उठून जाणारी आमच्यातली मी पहिलीच असेन. माझ्या डोक्यात एवढंच होतं: हिला माहीत आहे. म्हणजे भाऊजींना माहीत आहे. म्हणजे श्रीपालला माहीत आहे. आणि तरी तो हसतोय.

*

टेबलामागं मेडियस नावाची बाई होती, जंगल खात्याची. हिरवा गणवेश, गमबूट, थट्टेखोर डोळे. तिनं पासपोर्ट मागितले. श्रीपालनं आमचे दोन, मगदूमांनी त्यांचे दोन दिले. तिनं वहीत नावं लिहून घेतली आणि एकेकाला हाक मारायला लागली.

"महावीर. हा फोटो तुझा? बारीक होतास."

"लग्नाआधीचा आहे," भाऊजी म्हणाले.

"राजमती. श्रीपाल. त्रिशला."

मी पुढं झाले. तिनं माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला.

निळा. कोपरे थोडे मऊ पडलेले. दोन वर्षांनी हातात.

श्रीपाल भाऊजींना काहीतरी सांगत होता. गमबुटांबद्दल. बोलता बोलता, मान न वळवता, त्यानं हात मागं केला. तळवा वर.

मी पासपोर्ट त्यावर ठेवला.

मी ठेवला. त्यानं ओढला नाही, मागितलाही नाही. इतके दिवस जे ठरवत होते ते झालं नाही, आणि ते कुणी होऊ दिलं नाही म्हणावं तर तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चेन ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात वहिनी खोकल्या.

*

"सर्दी आहे?" मेडियसनं विचारलं.

"नाही, नाही," भाऊजी म्हणाले.

वहिनी पुन्हा खोकल्या. पोटातून, वाकून.

"कधीपासून?"

"काल रात्रीपासनं," वहिनी मराठीत म्हणाल्या. श्रीपालला इंग्रजीत सांगावं लागलं.

मेडियस उठून उभी राहिली. तिचा थट्टेखोरपणा गेला. आजारी माणूस वर जाणार नाही, ती म्हणाली. आपल्याला जे साधं पडसं वाटतं त्यानं गोरिलाचं अख्खं कुटुंब मरू शकतं.

"अगं दाब की जरा!" भाऊजी चिडले. "सात समुद्र ओलांडून आलोय. एक तासाचा तर प्रश्न आहे!"

"खोकला दाबता येतो होय? तुम्ही घोरणं दाबून दाखवा."

"सकाळी तर काही नव्हतं!"

"आता हाय."

श्रीपालनं मेडियसची विनवणी करून बघितली. ती नुसती मान हलवत राहिली. वहिनी बाकावर जाऊन बसल्या, मांडीवर डबा घेऊन. मग मेडियसनं सूचना दिल्या: वाटेत ओढा आहे, कमरेइतकं पाणी असेल, कागद, फोन, पैसे खाली ठेवा.

श्रीपालनं कमरेचा पट्टा सोडला. दोन वर्षांत मी पहिल्यांदा तो पासपोर्ट त्याच्यापासून लांब जाताना बघत होते. श्रीपाल पट्टा घेऊन बाकाकडं चालत गेला.

"वहिनी, हे तुमच्याकडं. तुमच्याइतका भरवसा मला दुसऱ्या कुणाचा नाही."

वहिनींनी पट्टा घेतला आणि माझ्याकडं बघितलंच नाही.

*

चढ. चढ. काटेरी वेली, निसरडी मुळं. पुढं कोयतेवाला, मग मेडियस, मग भाऊजी, मग मी, माझ्या मागं श्रीपाल. मी घसरले की तो मागून धरायचा. एकदाही पडू दिलं नाही त्यानं मला.

"राजमतीचं नशीबच असं," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "अलिबागला समुद्र बघायला गेलो तर हिला ताप."

मी मनात मोजत होते. खाली जायला तीन तास. पट्टा परत त्याच्या कमरेला. रविवारी घर. सोमवारी सकाळी, विमानतळावर निघण्याआधी, ऑफिस, तिजोरी. मग हे दोघं जातील. मग क्रशिंग.

दोन तासांनी मेडियसनं हात वर केला. आम्ही थांबलो.

पानं हलली आणि तो दिसला. मोठा नर, पाठीवर चांदीसारखे केस. एक रोप मुळासकट उपटून, साल सोलून खात होता, घरातली म्हातारी माणसं ऊस सोलतात तसा, घाई न करता. मागं दोन माद्या, एकीच्या पोटाला पिल्लू.

भाऊजींनी कॅमेरा काढला. पायाखाली फांदी मोडली.

नर वळला आणि आला. एवढंच. ओरडला आणि आला, आणि मधली झाडी नव्हतीच असं वाटलं.

"बसा!" मेडियस म्हणाली. "खाली बघा. पळू नका."

आम्ही बसलो. श्रीपालनं माझं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. मी त्याला कधी घाबरलेला बघितलं नव्हतं. त्याचा घाम माझ्या हातावर उतरत होता.

"त्रिशला, सोडू नको," तो कुजबुजला. "सोडू नको मला."

समोर दोन काळे हात, मुठी जमिनीवर टेकलेल्या. ओल्या मातीचा, घामाचा वास. मी हलू शकत नव्हते. हलू नका म्हणून, आणि मनगट धरलेलं म्हणून. नर उभा राहिला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग तो वळला आणि पुन्हा खायला बसला.

श्रीपालनं मनगट ओढ्यापर्यंत सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. मला त्याची दया आली होती. हे सांगितलंच पाहिजे.

*

खाली वहिनी त्याच बाकावर होत्या. डबा मांडीवर, पट्टा डब्यावर, हात पट्ट्यावर.

"बघितलात का?"

"अगं काय सांगू!" भाऊजी सुरू झाले.

श्रीपालनं पट्टा घेतला. चेन उघडून आत अंगठा घातला, न बघता. निळ्या कडा दोन. चेन बंद केली.

"खोकला कसा आहे?"

"बरा हाय आता."

गाडीत बसलो. दारं लागली. परतीचा रस्ता तोच. पुढं दोघं गोरिलाच्या उंचीवरून वाद घालत होते. भाऊजी सहा फूट म्हणत होते, श्रीपाल सात. वहिनींनी थंडी वाजते म्हणून शाल काढली, अर्धी माझ्यावर टाकली. शालीखाली काहीतरी सपाट माझ्या हाताला लागलं. कोपरे मऊ.

मी मान वळवली नाही.

"पट्ट्यात काय आहे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"माझा."

"वहिनी, परवा तुमचं विमान!"

"परवाचं परवा बघू."

"त्यानं उघडून बघितला तर?"

"फोटो तर फोटो. बघू दे माझं तोंड." मग थोड्या वेळानं, "आता तरी म्हण."

मी म्हटलं नाही. शालीखाली त्यांचा हात धरला, तोही घट्ट धरता आला नाही, मनगट दुखत होतं.

*

रविवारी श्रीपालनं पट्टा कपाटात ठेवला. ऑफिस बंद होतं. त्यानं उघडून बघितला नाही. सोमवारी सकाळी विमानतळावर निघताना त्यानं तो पुन्हा कमरेला बांधला. "येताना ऑफिसात ठेवून टाकू," म्हणाला.

विमानतळ. सव्वाबारा. निघणाऱ्यांच्या दारापाशी गणवेशातला माणूस, हातात प्रत्येकाचं तिकीट आणि पासपोर्ट घेऊन बघणारा. माझ्याकडं पर्स. नेसत्या साडीनिशी.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "माझा पासपोर्ट!"

"म्हणजे?" भाऊजी.

"पर्समध्ये होता. नाही."

पर्स उलटी केली. कंगवा, जपमाळ, गोळ्या, रुमाल. श्रीपालनं खाली बसून सगळं गोळा केलं.

"घाबरू नका वहिनी. गाडीतच पडला असणार, सीटखाली. मी बघून येतो." आणि तो धावला. अडचणीत असलेल्या माणसासाठी श्रीपाल नेहमी धावायचा. पट्टा कमरेवर हलत होता.

वहिनींनी मला दाराकडं ढकललं.

"त्रिशला, तू कुठं—" भाऊजींनी तोंड उघडलं.

वहिनींनी त्यांची बाही धरली. "तुम्ही गप्प बसा. या खेपेला तरी."

मी ब्लाउजातून घडी पडलेला कागद काढला. दारावरच्या माणसानं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, माझ्याकडं बघितलं.

"सामान?"

"नाही."

त्यानं पासपोर्ट पुढं केला. या वेळी मागं कुणाचा हात नव्हता. मी आत गेले.

आतून काच होती. श्रीपाल परत आला; गुडघ्यांना धूळ, हातांना धूळ. सीटखाली नाही म्हणत असणार. आवाज येत नव्हता. त्यानं आजूबाजूला बघितलं. माझं नाव घेतल्यासारखं त्याचं तोंड हललं. तेव्हा वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. आणि श्रीपालनं, अजून काहीच कळलेलं नसताना, सवयीनं, धुळीचे हात उलट जोडले.

मग वहिनींनी त्याच्या कमरेकडं बोट दाखवलं.

मी वळले आणि चालायला लागले.

*

मगदूम दोन दिवसांनी परतले. मधल्या दोन दिवसांत तिथं काय झालं ते वहिनींनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दर भाद्रपदात, क्षमावाणीला, त्यांचा फोन येतो. पहिल्या वर्षी मी आधी बोलले.

*

मी युगांडात पहिल्यांदा उतरले तो जूनमधला मंगळवार होता. श्रीपाल घ्यायला आला होता. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. पासपोर्ट मीच त्याला दिला. त्यानं मागितला नव्हता.